माणूस निसटेल एवढी फट

दूध काढण्याच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाला गाईचा चेहरा दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर गाई तिरक्या ओळीत येऊन उभ्या राहतात, आणि त्यांचे मागचे खूर खाली उभ्या माणसाच्या छातीशी येतात. दिसतात ते खूर, घोटे, शेणाने माखलेल्या शेपट्या आणि तटतटलेल्या कासा. वहिनी गाईंना ओळखत असे ती या बाजूने. एखादी गाय गोठ्यात समोरून आली तर क्षणभर तिला ती परकी वाटे. तीच पाठमोरी झाली की वहिनी म्हणे, अगं, तू होय. कोण लाथ झाडणार, कोण शेपटीने तोंड झोडपणार, कोणाच्या सडाला यंत्राचा कप लावताना हात चटकन मागे घ्यायचा, हे तिच्या मनगटांना पाठ होते. मनगटे मात्र सुजलेली असत. सकाळी मूठ वळण्यासाठी तिला आधी चहाच्या गरम कपाभोवती बोटे धरून बसावे लागे.

नात्याने ती एकाच माणसाची वहिनी होती. तिचा धाकटा दीर याच गोठ्यात कामाला होता आणि तो हाक मारी म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. तिच्यापेक्षा वयाने मोठा, पोट सुटलेला मुकादमही. त्याआधी या खड्ड्यात तिचा नवरा उभा राहत असे. त्याची पाठ कामातून गेली, तो मायदेशी परतला, आणि घर चालायला हवे म्हणून मुलीला सासूच्या हवाली करून ती त्याच्या जागी आली. नवऱ्याचे गमबूट तिला मोठे होत, तेव्हा तिने त्यांत पायमोज्यांचे दोन जोड घातले आणि कामाला लागली. या देशातले लोक हे काम करत नाहीत. का करत नाहीत, हे कळायला तिला एक आठवडा पुरला.

राहायला यंत्रघराच्या मागे दोन खोल्या होत्या. दूध ओढणारा पंप सुरू झाला की भिंत थरथरे आणि फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. त्या आवाजावरून झोपलेल्या माणसालाही समजे की आता आपली पाळी जवळ आली. एका खोलीत वहिनी राही. दुसरीत दीर आणि शिडी. शिडी म्हणजे त्यांच्याच देशातला एक लांबलचक, काटकुळा माणूस. खड्ड्यात त्याला कायम वाकून उभे राहावे लागे, आणि तो म्हणे की देवाने मला दुसऱ्याच कुठल्या नोकरीसाठी बनवला होता, पत्ता चुकला.

खड्ड्याच्या अलीकडे एक आवार होते. दूध काढण्यापूर्वी गाई तिथे आणून कोंबत. सगळे त्याला 'वेटिंग' म्हणत. तिन्ही बाजूंना डोक्याच्या वरपर्यंत पत्रा ठोकलेले लोखंडी कुंपण, मागच्या बाजूच्या कुंपणात गाई आणण्याचे फाटक, आणि पुढे खड्ड्याच्या ओट्यांकडे नेणारी एक अरुंद वाट. गाई स्वतःहून पुढे सरकत नाहीत. एका माणसाला फाटक लावून घेऊन त्यांच्या मागे पायी फिरावे लागते, हाकारावे लागते, अंगाने रेटावे लागते. हे काम सर्वांत नव्या माणसाचे, अशी तिथली वहिवाट होती. दीर नवा नव्हता, पण त्याला खड्ड्यातल्या ओलीने खोकला होई, म्हणून त्याने ते आपणहून मागून घेतले होते. पत्रा वारा अडवण्यासाठी ठोकलेला होता आणि त्या कामी तो चोख होता. आत अडकलेल्या माणसाला मात्र त्यावर पाय ठेवायला कुठे जागा नव्हती.

आता धाकट्याविषयी. त्या गोठ्यात नर वासराला किंमत नसे. गोऱ्हा जन्मला की आठवड्याच्या आत ट्रक येई आणि त्याला घेऊन जाई. एका थंडीत जन्मलेल्या गोऱ्ह्याचा पुढचा पाय आत वळलेला होता. ट्रकवाल्याने त्याला नेण्यास नकार दिला आणि मालकाने मुकादमाला सांगितले की याचे काय ते बघून टाक. मुकादम बघत होता, तेवढ्यात वहिनीने वासरू उचलून खोल्यांपुढच्या पडवीत आणले. प्लास्टिकच्या नळीचा तुकडा उभा चिरून तिने तो त्याच्या पायाला आधारासाठी बांधला आणि बाटलीने दूध पाजू लागली. जीभ टाळूला लावून ती टॉक टॉक असा आवाज काढी आणि म्हणे, ये बाळा, ये. पाय सरळ झाला. दिराने त्याचे नाव धाकटा ठेवले. म्हणाला, आमच्या घरात जन्मभर मीच धाकटा म्हणून सगळ्यांनी मला राबवलं, आजपासून ती जागा याची.

दीर आणि शिडी त्याच्याशी एक खेळ खेळत. त्याच्या कपाळाला तळहात लावून मागे ढकलायचे. तो दोन पावले सरे, डोके खाली घाली आणि उलटा रेटा देई. कोण हरतो ते पाहायचे. वासरू जिंकले की पडवीत हशा होई, आणि त्या हशात वहिनीचा आवाज सर्वांत मोठा असे. काम आणि झोप यांखेरीज जिथे तिसरे काही नव्हते, तिथे हा एक खेळ होता.

त्यातली चूक त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि ती याच माणसांच्या हातून व्हावी असेही काहीतरी त्या चुकीत होते. ते आले होते तिकडे जनावर दाराशी, दाव्याला बांधलेले असे. वळू झाला तरी नाकात वेसण असे आणि वेसणीचे टोक घरातल्या कोणाच्या तरी हातात. तिथे लाड केल्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. इथे दावे नव्हते, वेसण नव्हती. जनावरे मोकळी आणि माणसे त्यांच्यामध्ये. जो गोऱ्हा गाईंमध्ये वाढतो तो माणसाला परका समजून अंतर राखतो. जो माणसांमध्ये वाढतो त्याला माणूस आपल्याच कळपातला वाटतो, आणि वयात आल्यावर तो त्या कळपातल्या नरांशी जे करायचे ते करतो. धाकट्याला तर डोके खाली घालून माणसाला रेटायचे असते हे बाटलीच्या दुधाबरोबरच शिकवलेले होते.

तो अंगाने भरला, तेव्हा मालकाची नजर त्याच्यावर गेली. धाकट्याची आई दुधाला उत्तम होती. इंजेक्शनने गाभण न राहणाऱ्या गाईंसाठी मालकाने त्याला कळपात सोडला. वळू कळपात असला की कळपाबरोबर वेटिंगमध्येही येतो. त्याला प्रत्येक वेळी वेगळा काढायचा तर एक जास्तीचा माणूस हवा. जास्तीचा माणूस नव्हता. धाकटा गाईंबरोबर वेटिंगमध्ये येऊ लागला आणि दीर त्याच्या मागे.

पुढे पुढे तो अंग आडवे करून, मान वाकडी करून उभा राहू लागला. पुढच्या पायाने शेण उकरून पाठीवर उडवू लागला. वहिनीने दिराला सांगितले, भाऊजी, त्याच्याशी आता मस्करी नको. दीर म्हणाला की तो माझ्याशी खेळतोय. ते अक्षरशः खरे होते. वहिनीने मुकादमालाही सांगितले, मुकादमाने मालकाला, आणि वरून उत्तर आले की हा हंगाम संपू दे.

हंगाम संपायच्या आत, एका दुपारच्या पाळीला, वहिनी खड्ड्यात कप लावत असताना वरच्या गाई एकाएकी मागे वळू पाहू लागल्या. सगळ्या खुरांची टोके एकदम फिरली. मग पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला आणि पुन्हा झाला. ती खड्ड्याच्या पायऱ्या चढून अरुंद वाटेच्या तोंडाशी आली. समोर गाईंच्या पाठींपलीकडे धाकट्याने दिराला कुंपणाशी दाबून धरले होते. दीर ओरडत नव्हता. ओरडण्यासाठी छातीत हवा लागते.

वहिनीच्या हातात काही नव्हते. काठी असती तरी उपयोग नव्हता. तिने जीभ टाळूला लावली आणि आवाज काढला. ये बाळा, ये.

धाकट्याने डोके वर केले. गाईंना बाजूला सारत तो तिच्याकडे निघाला, घाई न करता, बाटलीकडे येत असे तसाच. ती मागे सरत सरत खड्ड्यात उतरली. तो कडेशी येऊन थांबला. पायऱ्या उतरणे त्याला जमणारे नव्हते. त्याने मान खाली लोंबवली आणि तिच्या तोंडावर त्याचा गरम श्वास येत राहिला. तेवढ्या वेळात शिडीने मागचे फाटक उघडले आणि दिराला काखेत हात घालून बाहेर ओढले.

इस्पितळात मुकादम बरोबर होता, कारण तिथली भाषा त्यालाच येत होती. त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितले की माणूस ओल्या फरशीवर घसरून पडला. एवढे शब्द वहिनीला कळत होते. गोठ्याच्या भिंतीवर घसरणाऱ्या माणसाचे चित्र लावलेले होते आणि त्याखाली तोच शब्द होता. तिने मुकादमाकडे पाहिले. मुकादम आपल्या बुटांकडे पाहत राहिला. जनावराने कामावर मारले अशी नोंद झाली की तपासनीस येतो, हे त्याला ठाऊक होते, आणि मालकाने निघताना त्याला काय बजावले असेल हे वहिनीला.

डॉक्टरीणबाईंनी बरगड्या तपासल्या, हाताला बांधले, आणि त्या दुसऱ्या रोग्याकडे वळू लागल्या. तेव्हा वहिनी त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिने दोन्ही हात कानांशी नेऊन मान खाली घातली, नाकातून जोराने श्वास सोडला, आणि शेणाचे डाग पडलेल्या कपड्यांसह धावत जाऊन आपले डोके मुकादमाच्या पोटात खुपसून त्याला औषधांच्या कपाटाशी दाबून धरले. सोडले नाही. कपाटातल्या बाटल्या खणखणल्या. परिचारिका मागे सरकली. मुकादम गुदमरत म्हणाला, वहिनी, अहो, लोक बघतायत.

"बघू देत," ती त्याच्या पोटातूनच म्हणाली. "त्यासाठीच चाललंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहिनीच्या खांद्याला हात लावून तिला उभे केले, मुकादमाला एकच प्रश्न विचारला, आणि मुकादमाने मान हलवून होकार दिला. पडलेला माणूस आणि दाबला गेलेला माणूस यांच्या आत वेगवेगळ्या जागी मोडतोड होते. दिराला लगेच पुन्हा तपासायला नेले; पोटात रक्त साचत होते. संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया झाली. परतताना गाडीत मुकादमाने पोट चोळले. मग म्हणाला की माझ्या पोटाला कोणी एवढ्या जोरात कधी मिठी मारली नव्हती. वहिनी म्हणाली की मी घसरून पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला फोन लावला. भाऊ वाचला हे ऐकून तो रडला, आणि मग त्याने तिला समजावले की परका देश आहे, राहती खोली मालकाची आहे, जरा नमतं घे.

"तुम्ही नमतं घेतलंत म्हणून तर पाठ सरळ होत नाही तुमची," ती म्हणाली. मग नवरा म्हणाला की बरं, तुला योग्य वाटेल ते कर, पण जेवत जा.

दुपारच्या पाळीआधी मुकादम मालकाचा निरोप घेऊन पडवीत आला. निरोप असा होता की वळू वहिनीने वाढवला, वहिनीने लाडावला, तो फक्त वहिनीचे ऐकतो हे काल सगळ्यांनी पाहिले. तेव्हा यापुढे वेटिंगमध्ये गाईंच्या मागे वहिनीनेच फिरावे.

या निरोपाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. त्यात खोटे काहीच नव्हते. वळू तिने वाढवला होता. खेळ तिच्या पडवीत झाला होता. जो जीव तिच्या हाकेने वाचला तो धोक्यात तिच्याच हौसेने आला होता, असेही म्हणता येत होते, आणि रात्रभर तिने स्वतःला तेच म्हटले होते. माणसाच्या मनात आधीच असलेला आरोप बाहेरून आला की तो निमूट मान्य करण्याकडे कल असतो. मालकाला हे ठाऊक असेल असे नाही. पण त्याची सोय त्यात होती.

वहिनी मुकादमाबरोबर गोठ्यात गेली. मालक कळपाच्या फाटकाशी उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, स्वतःही पहाटेपासून राबणारा माणूस. गाई फाटकापाशी दाटल्या होत्या, कासांतून दूध ठिबकत होते. त्यांच्यामध्ये धाकटा उभा होता.

"त्यांना सांगा," वहिनी मुकादमाला म्हणाली, "वाढवला मी. कपाळाला हात लावून खेळायची खोड लावली ती आम्ही. ही चूक माझी आहे, ती मी कोणाच्या अंगावर ढकलत नाही. पण त्याला कळपात मी सोडला नाही. आणि आत अडकलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट नाही, ते कुंपण मी बांधलं नाही. माझ्या चुकीचं ओझं मी उचलीन. त्यांच्या चुकीचं त्यांनी उचलावं. वळू आत असेल तर मी आत जाणार नाही आणि कोणीच जाणार नाही."

मुकादमाने मालकाला चार शब्द सांगितले.

"एवढंच?" वहिनी म्हणाली. "मी तर बरंच बोलले."

मुकादमाने घाम पुसला आणि उरलेले सांगितले. मालकाचा चेहरा लाल झाला. तो बराच वेळ बोलला, हात झाडून खोल्यांकडे बोट दाखवून बोलला. मुकादम वळून म्हणाला की मालक म्हणतात, बघू.

वहिनी हसली. खोल्यांकडे दाखवलेले बोट तिला कळले होते. ती म्हणाली की खोली आत्ता रिकामी करते, गाठोडं बांधायला वेळ लागत नाही. मात्र आज दूध काढायला कोणी नाही, हे या गाईंना कोणी सांगावं तेवढं मालकांनी ठरवावं. त्याच वेळी तिच्या मागे शिडी आला, त्याने रबरी हातमोजे काढून कुंपणाच्या खांबावर अडकवले आणि पाठ सरळ करून उभा राहिला. इतका उंच तो या गोठ्यात पहिल्यांदाच दिसला.

गाई हंबरू लागल्या होत्या. भरलेल्या कासेची कळ म्हणजे काय हे मूल पाजलेल्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. वहिनी हंबरणे ऐकत होती आणि तिच्या हातांना यंत्राकडे धाव घ्यायची होती. तिने हात काखेत धरून ठेवले.

मालकाने कोपऱ्यातली प्लास्टिकची नळी उचलली आणि स्वतः फाटकाशी गेला. कडीला हात घातला. धाकटा वळला, अंग आडवे केले, मान वाकवून एक डोळा मालकावर ठेवला आणि शेण उकरले. मालक कडी धरून उभा राहिला. मुकादम दुसरीकडे पाहू लागला. वहिनीने मात्र नजर हलवली नाही. मालक भेकड होता असे नाही. त्याचा हात कडीवर होता आणि त्या हाताला, कदाचित प्रथमच, आतली जमीन आणि पत्रा यांचा अंदाज येत होता. त्याने हात काढला.

मग ट्रॅक्टर आणला, त्याच्या पुढची शेण उचलायची लोखंडी बादली आडवी धरून वळूला गोठ्याच्या एका कोपऱ्यात रेटत ठेवले, आणि गाई दुसऱ्या बाजूने वेटिंगमध्ये नेल्या. शिडी त्यांच्या मागे गेला. वहिनी खड्ड्यात उतरली. त्या दिवशी पाळी फार उशिरापर्यंत चालली आणि पहिला कप लावताना ती प्रत्येक गाईच्या मांडीला हात लावून काहीतरी पुटपुटत होती. शिडीच्या म्हणण्यानुसार ती माफी मागत होती. तिच्या म्हणण्यानुसार शिडीला दुसऱ्यांचे ऐकायची वाईट खोड होती.

मालकाने वळू काढून टाकायचे ठरवले. ट्रक आला, फळी उतरवली, पण धाकटा फळीवर चढेना. ट्रॅक्टर अंगावर आणला तर त्याने बादलीवर डोके आपटून ती वाकवली. ट्रकवाल्याने आत पाय ठेवायला साफ नकार दिला. तो या देशातला असल्याने त्याच्या नकाराबद्दल कोणी त्याला काही बोलले नाही. अखेर मुकादम वहिनीला बोलवायला आला. मालक म्हणत होता की तिने फक्त हाक मारावी, फळीच्या वरच्या टोकाला उभी राहून, जाळीच्या आडून. धोका काहीच नाही.

धोका खरोखरच नव्हता. वहिनीने हे पाहून घेतले. मग ती म्हणाली की आधी वेटिंगच्या कुंपणाला फट पाडा. तिन्ही बाजूंना. माणूस निसटेल एवढी, जनावर येणार नाही एवढी.

मालक म्हणाला, वळू तर जातोच आहे, मग फट कशाला. मुकादमाने या वेळी तिचे उत्तर पुरते सांगितले, कारण ते लहान होते.

"हा गेला की दुसरा येईल. तो माझ्या हाकेला येणार नाही."

मालक म्हणाला की ठीक आहे, पाडू, आधी हाक मार. ती म्हणाली, आधी फट. ट्रक रिकामा परत गेला.

त्या संध्याकाळी मुकादम पडवीत येऊन बसला. तो निरोप घेऊन आला नव्हता. म्हणाला की वहिनी, मीही खड्ड्यातूनच वर आलोय, माझ्या गुडघ्याला विचारा. पण मालकाला एवढं वाकवू नका, मोडला तर आपल्यावरच पडेल. वहिनीने त्याला चहा दिला आणि म्हटले की मुकादम, फट मालकाला वाकवायला मागितलेली नाही, तुमच्या पोटाला आत अडकायला नको म्हणून मागितली आहे. मुकादम चहा पिऊन उठला, थेट मालकाच्या घराकडे गेला, आणि तिथे काय बोलला हे त्याने कोणाला सांगितले नाही.

सकाळी वेल्डर आला. रुंदी किती ठेवायची हा प्रश्न निघाला. शिडीने आपले माप पुढे केले. वहिनी म्हणाली की तुझ्या मापाने केली तर त्यातून फक्त वारा जाईल. तिने मुकादमाला कुंपणाला खांदा लावून उभे केले. वेल्डरने त्याच्या पोटापुढे आणि पाठीमागे खडूने दोन रेघा मारल्या. मुकादम श्वास आत ओढून उभा होता. वहिनी म्हणाली की श्वास सोडा. पळताना माणूस पोट आत ओढून पळत नाही. रेघ थोडी सरकली. मालक दाराशी उभा राहून पाहत होता, आणि पत्रा कापताना ठिणग्या उडाल्या तेव्हा त्याने स्वतः पाण्याची बादली आणून ठेवली. पुढे तपासनीस आला तेव्हा मालकाने ती फट त्याला दाखवली, जणू ती त्याचीच कल्पना होती. वहिनीने ती कल्पना त्याला ठेवू दिली.

ट्रक पुन्हा आला. ती फळीच्या वरच्या टोकाला, जाळीआड उभी राहिली. सगळे लांब उभे होते. तिने जीभ टाळूला लावली, पण तोंड कोरडे पडले होते आणि आवाज उमटेना. तिने ओठ ओले केले. टॉक टॉक. ये बाळा, ये.

धाकटा फळीवर चढला. त्याचा पुढचा पाय, जो तिने कधी नळीच्या तुकड्याने बांधला होता, फळीवर सरळ पडत होता. तो वर आला, जाळीला नाक लावले, आणि ट्रकवाल्याने मागची फळी वर उचलून बंद केली. वहिनीने जाळीतून बोटे घालून त्याचे नाक चोळले. कपाळाला हात लावला नाही.

दीर इस्पितळातून परतला तेव्हा अंगाने अर्धा झाला होता. शिडीने आणि मुकादमाने त्याला दोन्ही बाजूंनी धरून पडवीत आणले. पेज पिऊन झाल्यावर तो गोठ्याच्या दिशेने पाहत राहिला आणि मग विचारले,

"वहिनी, तो चढला कसा ट्रकमध्ये?"

"मी हाक मारली, भाऊजी."

"तू हाक मारलीस?"

"हो."

"आला?"

"आला."

दिराने पेजेची रिकामी वाटी बाजूला सारली. मग म्हणाला की ती फट मला बघायची आहे. तिने त्याला उद्या बघा म्हटले. तो म्हणाला, आत्ताच. दोघे हळूहळू वेटिंगपर्यंत गेले. आवार रिकामे होते, नुकतेच धुतलेले, ओले. ज्या जागी तो दाबला गेला होता तिथे पत्रा अजून बाहेरच्या बाजूला दबलेला होता आणि त्याच्या शेजारीच, हात पोचेल अशा अंतरावर, फट होती. कापलेल्या कडा वेल्डरने घासून गुळगुळीत केल्या होत्या.

दीर एका हाताने पोटावरची पट्टी सांभाळत अंग वळवून फटीतून बाहेर गेला. मग आत आला. पुन्हा बाहेर गेला. वहिनी त्याला थांबवायला निघाली होती, ती थांबली. यंत्रघरात पंप सुरू झाला होता आणि कळपाच्या फाटकाशी शिडी गाईंना हाकारत होता.

"भाऊजी, बाहेरच राहा आता," ती म्हणाली, "गाई येतायत," आणि खड्ड्याच्या पायऱ्या उतरली.